राग आडनावावर नको, कामाच्या हिशेबावर हवा

बीड जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत लोकांचा राग दोन तऱ्हांनी उसळला आणि स्थानिक कारभारावर त्याचे परिणामही दोन तऱ्हांचे झाले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले. माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटले आणि जमावाने नगरपरिषदेची इमारतही सोडली नाही. आरक्षणाचा निर्णय नगरपरिषद घेत नाही. तिथे जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, घरपट्टी भरली जाते, नळजोडणीचे अर्ज येतात. मुंबईला खेटे घालायची ज्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी सरकार म्हणजे हीच कचेरी. त्या आगीने मंत्रालयाचे काही बिघडले नाही. पुढे संचारबंदी आली, इंटरनेट बंद पडले आणि हाल सामान्यांचेच झाले.

मस्साजोगचा राग वेगळा होता. केज तालुक्यातील या गावाचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. तीन दिवस आधी पवनचक्की कंपनीच्या आवारात सुरक्षारक्षकाला मारहाण झाली तेव्हा ते मध्ये पडले होते. त्या मारहाणीची पोलिसांनी वेळीच गंभीर दखल का घेतली नाही, हा गावकऱ्यांचा सवाल होता. त्यांनी रास्ता रोको केला. २८ डिसेंबरला बीडमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. २५ फेब्रुवारी २०२५ पासून गावात अन्नत्याग आंदोलन झाले. प्रत्येक वेळी मागणी नेमकी होती: अमुक आरोपीला पकडा, अमुक अधिकाऱ्याची चौकशी करा, उज्ज्वल निकम यांना सरकारी वकील नेमा. जिल्हा पोलीस अधीक्षकांची बदली, विशेष तपास पथक, न्यायालयीन चौकशी आणि निकम यांची नियुक्ती, हे सगळे त्या रेट्यामुळे घडले. एवढ्याने न्याय मिळाला असे नव्हे. पण दाद मागितली तर यंत्रणा हलते, हे गावाने पाहिले.

धोका मात्र याच काळात वाढला. गुन्ह्याच्या रागाला मराठा विरुद्ध वंजारी असे जातीय वळण दिले जाऊ लागले आणि पोलीस ठाण्यात गेलेला माणूस जात ओळखण्यासाठी अंमलदाराच्या छातीवरची नावपट्टी आधी वाचू लागला. २०२५ च्या सुरुवातीला पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी नावपट्टीवरून आडनाव काढायला लावले. निर्णय चांगलाच आहे, पण पट्टी बदलल्याने संशय जात नाही. आलेली तक्रार त्याच दिवशी नोंदवून तिची प्रत तक्रारदाराच्या हातात पडली, तरच हा संशय हळूहळू ओसरतो.

रागाला कचेरीत रीतसर वाट नसेल तर तो रस्त्यावर येणारच. बीड जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासकाने कारभार हाकला. लोकांनी जाब विचारायचा तो कोणाला? लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते, अपील करता येते आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे कलम जिल्ह्यातल्या किती ग्रामसभांत वाचून दाखवले जाते? प्रत्येक तहसील, ठाणे आणि ग्रामपंचायतीने दाखल अर्ज, निकाली अर्ज आणि झालेला दंड यांचा आकडा दर महिन्याला दर्शनी फलकावर लावावा, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी तसा लेखी आदेश काढावा.