विनोदाने राज्य बुडत नाही

सोव्हिएत संघराज्य १९९१ च्या डिसेंबरात विसर्जित झाले. त्याच्या मरणाची दोन निदाने तेव्हापासून सांगितली जात आहेत. पहिले पोथीनिष्ठांचे. त्यांच्या मते 'ग्लासनोस्त'च्या नावाखाली व्यंगचित्रकार आणि विडंबनकार मोकाट सुटले, त्यांनी पक्षाची अब्रू वेशीवर टांगली आणि साम्राज्यवाद्यांचे काम फुकटात करून दिले. दुसरे निदान भांडवलशाहीच्या भाटांचे. जी व्यवस्था रांगेतल्या माणसाच्याही थट्टेचा विषय झाली ती मुळातच हास्यास्पद होती, समाजवाद हाच एक विनोद होता, असे ते ऐकवतात. वरवर पाहता हे दोघे एकमेकांचे वैरी. पण राज्य हास्याने पोखरले गेले, या एका गोष्टीवर दोघांचे एकमत आहे. हे निदानच चुकीचे आहे, आणि समाजवादी कार्यकर्त्याने ते प्रमाण मानले तर त्यातून घ्यावयाचा धडाही तो चुकीचाच घेईल.

सोव्हिएत राज्यात उपहासाला सरसकट बंदी होती, असे समजणे भाबडेपणाचे आहे. उपहासावर तेथे सरकारी मक्तेदारी होती. 'क्रोकोडील' हे उपहासाला वाहिलेले नियतकालिक १९२२ मध्ये निघाले आणि पुढे 'प्रावदा'च्या प्रकाशनगृहातून त्याच्या लाखो प्रती छापल्या जात. आळशी दुकान-व्यवस्थापक, मद्यपी कामगार, लाचखाऊ कारकून, सामूहिक शेतीचा थापाड्या अध्यक्ष आणि सीमेपलीकडचा ढेरपोट्या भांडवलदार ही त्यातील ठरलेली पात्रे. चित्रे अनेकदा उत्तम असत. परंतु स्टालिनची सत्ता पक्की झाल्यापासून पुढील पाच दशके सर्वोच्च नेतृत्वाकडे त्या कुंचल्याचे टोक वळले नाही. दुकानात माल नाही याचा दोष दुकानदाराचा. मालाचा आराखडा ज्यांनी मॉस्कोत आखला ते नामानिराळे. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही शासनमान्य कला होती.

या मक्तेदारीने कलावंतांचे काय केले, हे बोरिस येफिमोव्ह यांच्या चरित्रावरून कळते. १९३७ मध्ये त्यांनी सुरक्षायंत्रणेचे प्रमुख येझोव्ह यांचे एक गाजलेले चित्र काढले. त्यात येझोव्ह आपल्या काटेरी हातमोज्याने शत्रूरूपी सर्पाचा गळा आवळताना दिसतात. पुढील वर्षाच्या डिसेंबरात त्याच यंत्रणेने येफिमोव्ह यांचे सख्खे बंधू मिखाईल कोल्त्सोव्ह यांना उचलले. 'प्रावदा'चे नामवंत वार्ताहर आणि काही काळ 'क्रोकोडील'चे संपादक राहिलेल्या कोल्त्सोव्ह यांना १९४० मध्ये गोळी घालण्यात आली. येफिमोव्ह यांना काही काळ बाजूला बसावे लागले आणि नंतर त्यांनी पुन्हा सरकारी व्यंगचित्रे काढावयास घेतली. जी सत्ता व्यंगचित्रकाराकडून भावाच्या मारेकऱ्यांची भलावण करवून घेते, तिला विनोदाचे भय वाटावे यात नवल ते काय?

मक्तेदारीबाहेर जे हसले वा ज्यांनी हसवले, त्यांची गत याहून वाईट झाली. स्टालिनवर उपहासात्मक कविता रचून ती मित्रांना ऐकवणारे कवी ओसिप मांदेलश्ताम १९३४ मध्ये पकडले गेले आणि १९३८ मध्ये व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मरण पावले. विनोदी कथाकार झोश्चेन्को यांना १९४६ मध्ये पक्षाच्या ठरावाने बदनाम करून लेखक संघातून हाकलले. त्याच पक्षाच्या १९५२ च्या अधिवेशनात मालेन्कोव्ह यांनी देशाला सोव्हिएत गोगोल हवे आहेत, असा पुकारा केला! सिन्याव्स्की आणि दानिएल यांना उपरोधिक कथा परदेशात छापल्याबद्दल १९६६ मध्ये अनुक्रमे सात व पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. व्यंगचित्रकार व्याचेस्लाव्ह सिसोयेव्ह यांना १९८३ मध्ये अश्लीलतेच्या आरोपाखाली दोन वर्षे तुरुंगात धाडण्यात आले.

एवढे करूनही विनोद थांबला नाही. तो छापखान्यातून स्वयंपाकघरात आणि रांगेत गेला. 'प्रावदा' म्हणजे सत्य आणि 'इझ्वेस्तिया' म्हणजे वार्ता. तेव्हा 'सत्या'त वार्ता नाही आणि 'वार्ते'त सत्य नाही, असे लोक म्हणू लागले. ते पगार दिल्याचे सोंग करतात आणि आम्ही काम केल्याचे, हे कामगारांचे आणखी एक प्रसिद्ध वचन. भांडवलशाहीच्या भाटांनी या किश्शांचा रोख नीट पाहावा. त्यांतील बहुतेकांत समतेची टवाळी नाही. समतेची प्रवचने देत स्वतःसाठी राखीव दुकाने चालवणाऱ्यांची ती टवाळी आहे. जेथे संप करता येत नाही, दुसरा उमेदवार निवडता येत नाही, वर्तमानपत्रात पत्र छापून येत नाही, तेथे विनोद हाच कामगारांचा तक्रारअर्ज होतो. तो अर्ज सत्तेने वाचला असता तर पुढचे बरेच टळले असते.

ते टळले नाही. १९८९ च्या जुलैमध्ये सायबेरियातील कुझबास खोऱ्यात खाण कामगारांनी संप पुकारला. लाखो कामगार त्यात ओढले गेले आणि त्यांच्या मागण्यांत अंगावरची कोळशाची काजळी धुण्यासाठी साबण मिळावा, ही एक मागणी होती. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात कामगाराला साबणासाठी संप करावा लागावा, याहून भेदक व्यंगचित्र कोणता चित्रकार काढणार होता? ते खुद्द राज्यानेच काढले होते.

सत्तेने मनावर घेतले तर उपहास किती उपयोगी पडतो, याचेही उदाहरण त्याच काळात सापडते. एस्टोनियात फॉस्फोराइटच्या प्रचंड खाणी खोदण्याचा बेत मॉस्कोहून आखला जात होता. १९८७ मध्ये व्यंगचित्रकार प्रीत प्यार्न यांनी शेतात खत फेकणारा एक शेतकरी चितारला. त्याने फेकलेल्या खताच्या गोळ्याला एस्टोनियाच्या नकाशाचा आकार होता. त्या वर्षी खाणींविरुद्ध मोठे जनआंदोलन उभे राहिले आणि तो बेत सोडून द्यावा लागला. भूमी आणि पाणी वाचवणाऱ्या त्या लढ्यातील चित्रकाराला साम्राज्यवादाचा हस्तक कोण म्हणेल?

गोर्बाचेव्ह यांनी दार उघडले, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. मिखाईल बुल्गाकोव्ह यांची १९२५ मध्ये लिहिलेली 'कुत्र्याचे काळीज' ही उपहासकथा १९८७ मध्ये मायदेशी प्रथम छापली गेली. १९९० च्या वृत्तपत्र कायद्याने सेन्सॉरशिप रद्द झाली. पण जुनी खोड गेली नव्हती. एप्रिल १९८९ मध्ये सर्वोच्च शासनसंस्थांची मानहानी हा गुन्हा ठरवणारा हुकूम निघाला. नव्या लोकप्रतिनिधींनी तो काही आठवड्यांत हाणून पाडला. तरीही मे १९९० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या प्रतिष्ठेच्या रक्षणार्थ स्वतंत्र कायदा आलाच. अखेर १९ ऑगस्ट १९९१ रोजी बंडखोर सत्ताधीशांनी पत्रकार परिषद घेतली, तेव्हा यानायेव्ह यांचे थरथरणारे हात साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. त्या दिवशी व्यंगचित्रकाराची गरजच उरली नव्हती.

आणि भांडवली रशियात विनोद मुक्त झाला काय? 'कुक्ली' हा बाहुल्यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम १९९४ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी येल्त्सिन यांच्या राजवटीने त्याच्यावर फौजदारी प्रकरण उघडले आणि मग मागे घेतले. २००० मध्ये पुतिन यांना जर्मन परीकथेतील मायावी बुटक्याच्या रूपात दाखवल्यावर विद्वान प्राध्यापकांनीच खटल्याची मागणी केली. २००१ मध्ये ती वाहिनी सरकारी वर्चस्वाखालील गाझप्रॉम कंपनीच्या हाती गेली आणि २००२ मध्ये कार्यक्रम संपला. मार्च २०१९ मध्ये तर राज्यसंस्थेचा अनादर दंडनीय ठरवणारा नवा कायदा झाला. तांबडा झेंडा उतरला; भय तेच राहिले. समाजवादालाच तेवढे हास्याचे वावडे असते, असे सांगणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

या कथेकडे परक्या मुलखाची म्हणून पाहता येत नाही. १९७५ मध्ये भारतात आणीबाणी आली तेव्हा मॉस्कोने आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाने तिची पाठराखण केली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर 'शंकर्स वीकली' बंद झाले आणि वृत्तपत्रांची पाने सेन्सॉरच्या टेबलावरून जाऊ लागली. त्या टेबलाची ओळख येथील समाजवाद्यांना पुस्तकांतून करून घ्यावी लागली नाही.

म्हणून विरोधकाच्या व्यंगचित्रावर टाळी देणारा आणि स्वतःच्या नेत्याचे चित्र दिसताच 'ही शत्रूची चाल' म्हणून ओरडणारा कार्यकर्ता 'क्रोकोडील'च्याच शाळेत शिकला आहे, असे समजावे. समाजवाद्यांच्या सभेत, मुखपत्रात आणि उद्या सत्ता आली तर सरकारातही, सर्वांत वरच्या खुर्चीवर हसण्याचा अधिकार सर्वांत खालच्या बाकावरच्या माणसाला असला पाहिजे. तो अधिकार जेथे नाही तेथे साबण केव्हा संपला, हेदेखील वरच्यांना वेळेवर कळत नाही.