रडू द्या, मग उभे राहू द्या

घरातली आई किंवा वडील गेले की सारी वस्ती धावून येते. जलदान विधीपर्यंत घर माणसांनी भरलेले असते. लहानग्यांना कोणीतरी मांडीवर घेते, मागे राहिलेल्या जोडीदाराचे सांत्वन होते. पण १४-१५ वर्षांच्या मुलांकडे कोण पाहतो? मुलाला एकच वाक्य ऐकवले जाते : "आता तूच घरचा कर्ता, रडायचं नाही." मुलगी असेल तर तिच्या हाती आईचे लाटणे येते.

समाजकार्याच्या निमित्ताने आम्ही अशा अनेक घरी जातो. दाबून ठेवलेले दुःख दुसऱ्या वाटेने बाहेर पडते, असे आम्हांस दिसते. डोके दुखते, पोट दुखते, झोप उडते, वाचलेला धडा डोक्यात शिरत नाही. क्षुल्लक गोष्टीवरून मूल चिडते. शेजारी म्हणतात, "बाप गेला आणि पोरगं बिघडलं." ते बिघडलेले नसते, दुःखात असते. "मी भांडलो म्हणून बाबा गेले," अशी टोचणीही काहींच्या मनात असते. तुझी चूक नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे.

सकारात्मक विचार म्हणजे हसरे तोंड करणे नव्हे. बाबा परत येणार नाहीत, हे खरे. उद्या शाळेत जाता येईल, हेही खरे. दोन्ही गोष्टी मनात धरता येणे, हाच सकारात्मक विचार होय. त्यासाठी मुलाला रडू द्यावे, गेलेल्या माणसाच्या आठवणी घरात मोकळेपणी निघाव्यात. जेवण, झोप व शाळा यांच्या वेळा सांभाळाव्यात. वर्गशिक्षकांना भेटून परिस्थिती सांगावी.

मूल कित्येक आठवडे कोणाशी बोलत नसेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. "जगून काय उपयोग?" असे ते म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नये व त्याच दिवशी मदत मिळवावी. २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो रात्रंदिवस व विनामूल्य चालतो.

पैशाअभावी शाळा सुटण्याची भीती हाही मुलांच्या मनावरचा मोठा ताण असतो. एक पालक गमावलेल्या १८ वर्षांखालील मुलांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून मासिक मदत मिळू शकते. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करावी. मृत्यूचा दाखला जपून ठेवावा. अर्ज लिहिता येणाऱ्या वस्तीतील तरुणांनी अशा घरी आपणहून जावे. शाळा सुटणार नाही, एवढा भरवसा मिळाला तरी त्या मुलाच्या मनावरचे अर्धे ओझे उतरते.