बिळाचं देणं

दिवाळीच्या आगेमागे टोकावड्याच्या शिवारात भात कापणीला येतं. लोंब्यांमागे उंदीर येतात, उंदरांमागे घोणस येते, आणि विळा घेऊन वाकलेल्या माणसाचा हात नेमका तिथंच पडतो. मग त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखाना गाठायचा आणि सापाच्या लशीच्या कुप्या एकामागून एक सलाईनमधून चढवायच्या. ती लस लागू पडेल की नाही, हे आपल्याआधी उंदरानं सोसून पाहिलेलं असतं. भारतीय औषधकोशाचा दंडक असा, की एक मिलिलिटर लशीनं नागाचं आणि घोणशीचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष मोडलं पाहिजे. हा हिशेब लहान पांढऱ्या उंदरांवर करतात. विष आणि लस मिसळून टोचतात. किती जगले आणि किती मेले, ते मोजतात.

टोकावड्यात बसून आम्ही जी चळवळ सुरू करतो आहोत, तिचं मूळ या कुपीत आहे. आमच्यात शेतकरी आहेत, कातकरी आणि ठाकर वस्त्यांतली माणसं आहेत, प्राणिघरांत पिंजरे धुणारे दोघंतिघं आहेत, फार्मसी शिकणाऱ्या पोरी आहेत.

आधी एक कबुली. शेतातल्या उंदराशी आमचं वैर आहे आणि ते राहील. आम्ही त्याच्या बिळापाशी झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवतो, सापळे लावतो; काही घरांत तो भाजून खाल्लाही जातो. भूतदयेचं प्रवचन आमच्या तोंडी शोभायचं नाही. गणपतीच्या वाहनाचा दाखलाही आम्ही देत नाही, कारण ते नातं आम्हांला वर्षातून दहाच दिवस आठवतं. प्रयोग बंद करा, असंही आम्ही म्हणत नाही. घोणस चावलेल्या माणसाच्या घरात बसून ते म्हणता येत नाही.

पण शेतातला उंदीर मोकळा असतो. तो चोरतो, पळतो, कधी वाचतो, कधी सापडतो. प्रयोगशाळेतला उंदीर दावणीचा आहे. ज्यानं दावं बांधलं, त्यानं चारा, पाणी, गोठा बघायचा. म्हशाच्या यात्रेत बैलाचे दात मोजणारा कुणीही हे सांगेल. त्याच्यावर दया करा, असं आमचं म्हणणं नाही. त्याचं देणं लागतो, ते द्या.

उंदराला काय लागतं, हे आमच्याकडच्या कातकरी म्हाताऱ्यांना पुस्तकाविना ठाऊक आहे. बांध खणायच्या आधी ते बिळाचं दुसरं तोंड शोधून बुजवतात, कारण मागचं दार ठेवल्याशिवाय उंदीर घर करत नाही. आत गेलं की वळणं लागतात, मग गवत कातरून मऊ केलेलं अंथरूण, आणि वेगळी कोठी, तिच्यात लोंब्या नीट रचलेल्या. एखाद्या कोठीतून एका वेळचा भात निघतो. म्हणजे लपायला जागा, खणायला माती, निजायला ऊब, करायला काम. यातलं नेमकं काय प्राणिघरातल्या पिंजऱ्यात असतं?

प्लॅस्टिकची पेटी, वर स्टीलची जाळी, खाली तूस किंवा भुसा, एक बाटली, गोळीखाद्य. आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांत पंचवीस ग्रॅमपर्यंतच्या लहान उंदराला सुमारे ७७ चौरस सेंटिमीटर जागा सांगितली आहे. पोस्टकार्ड १२६ चौरस सेंटिमीटरचं असतं. मोठ्या जातीच्या उंदराला, ज्याला प्राणिघरात रॅट म्हणतात, मागच्या पायांवर सरळ उभं राहायचं असतं, आणि नेहमीच्या पिंजऱ्याची जाळी त्याच्या डोक्याला लागते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की मोकळी जागा मिळालेले हे उंदीर रोज खणतात, चढतात आणि पुन्हा पुन्हा सरळ उभे राहतात. म्हातारपणी चढणं कमी होतं, खणणं मात्र सुटत नाही. पेटीत यातलं काहीच न जमलेला उंदीर काय करतो, ते आमच्यातल्या पिंजरे धुणाऱ्यांना विचारा. तो रात्रभर जाळीचा एकच गज चावतो, किंवा कोपऱ्यात एकाच जागी कोलांट्या मारत राहतो. आपल्याकडे खुंट्याला वर्षानुवर्षं बांधलेलं जनावर असंच झुलतं.

थंडीचं तर कुणी बघतच नाही. लहान उंदराच्या अंगाला तीस अंशांच्या आसपासची हवा मानवते. प्राणिघरातली हवा बहुधा माणसाला सोसेल अशी, बावीसच्या आसपास ठेवलेली असते. त्याला आठ-दहा ग्रॅम कागदाच्या पट्ट्या दिल्या, की तो त्यांचं घुमटासारखं घरटं विणून स्वतःची ऊब स्वतः करतो. आठ-दहा ग्रॅम कागद! रद्दीवाल्याकडे त्याची किंमतही लागणार नाही.

साहेबलोकांचा आक्षेप आम्हांला माहीत आहे. पिंजऱ्यात खेळणी आणि घरटी घातली, तर प्रत्येक उंदीर वेगळा वागेल आणि आकडे बिघडतील. २००४ मध्ये युरोपातल्या तीन प्रयोगशाळांनी मिळून हे तपासलं. आकड्यांतली तफावत वाढली नाही. आणि उलटा प्रश्न आमचा आहे: रिकामी पेटी ही तरी कुठं निरोगी अवस्था? कॅनडात डोनाल्ड हेब यांनी १९४७ मध्ये नोंदवलं, की त्यांनी घरी नेऊन मोकळे वाढवलेले उंदीर पिंजऱ्यातल्या भावंडांपेक्षा कोडी पटकन सोडवतात. बर्कलीत १९६०च्या दशकात अशा उंदरांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण जाड भरलं. ऑक्सफर्डमध्ये २००० साली हंटिंग्टन रोगाचं जनुक घातलेल्या उंदरांना पुठ्ठ्याचे बोगदे आणि खेळायच्या वस्तू दिल्या, तर रोगाची लक्षणंच उशिरा आली. जनुक तेच, औषध काहीच नाही, फरक फक्त घराचा. मग रिकाम्या पेटीतल्या थंड, लठ्ठ, कंटाळलेल्या जिवावर तपासलेलं औषध आमच्या अंगात कसं वागेल, हे विचारायचा हक्क आम्हांला आहे. कुपी शेवटी आमच्याच शिरेत जाते.

उचलायचंही तसंच. शेपटीला धरून उंदीर उचलायचा, असंच आमच्या पोरींना शिकवलं गेलं. लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये सिद्ध केलं, की शेपटीनं उचललेला लहान उंदीर माणसाच्या हाताला भितो, आणि नळकांड्यातून किंवा ओंजळीत उचललेला आपणहून जवळ येतो. याला पैसा लागत नाही. सवय मोडावी लागते, आणि तेच अवघड आहे.

तेव्हा आमची मागणी अशी. लपायला जागा आणि घरटं करायला साहित्य नसलेला एकही पिंजरा राज्यातल्या कुठल्याही प्राणिघरात राहू नये, कॉलेजातलं असो की कारखान्यातलं. प्रयोगाला खरंच गरज नसेल तर उंदराला एकटं ठेवू नये. ठेवलं तर कारण लेखी द्यावं. शेपटीची पकड बंद. लस तपासताना जे मरणारच आहेत, त्यांचेही आधीचे दिवस या मागणीत धरलेले आहेत.

आणखी एक मागणी आहे, आणि तीवर आम्ही अडून बसणार आहोत. प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा, प्रयोगांचे नियम १९९८चे. त्यांनुसार प्रत्येक संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीत शास्त्रज्ञांबरोबर एक समाजाची जाण असलेला, विज्ञानाच्या क्षेत्राबाहेरचा सदस्य लागतो. त्या खुर्चीवर एखादा कातकरी म्हातारा का नको? उंदराचं मागचं दार कुठं असतं, हे त्या टेबलाभोवती बसणाऱ्या किती जणांना सांगता येईल?

आम्ही नुसतं मागून थांबणार नाही. कुंभाराचं बोळकं, हातभर बांबूचं नळकांडं, भाताचा पेंढा, एवढं आमच्याकडून प्राणिघरांना फुकट. ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणं आणि पशुवैद्याची संमती घेणं, हे त्यांचं काम. बांबू उंदीर कुरतडून टाकेल. कुरतडू द्या, दुसरा देऊ.

भातझोडणी उरकली की पहिली बैठक. नाव अजून ठरलेलं नाही, वर्गणी नाही. येताना प्रत्येकानं एक बोळकं आणावं. तोंड तीन बोटं जातील एवढंच हवं, म्हणजे उंदीर आत शिरेल आणि आपला हात शिरणार नाही.