दुखत नाही, म्हणून थांबायचं?

कानाखाली गाठ आली, की आपण बायका म्हणतो, "दुखत नाही ना, मग बघू नंतर!" मैत्रिणींनो, मला हे मुळीच पटत नाही. कानाजवळच्या लाळग्रंथीतल्या साधारण ८० टक्के गाठी साध्या असतात, हे खरं. पण वर्षानुवर्षं तशाच ठेवल्या, तर त्यातल्या काही कर्करोगात बदलतात. लेप लावून, शेकून त्या विरघळत नाहीत. सोनोग्राफी, सुईची तपासणी आणि मग ऑपरेशन, हाच मार्ग. कर्करोग निघालाच, तर गरजेप्रमाणे नंतर रेडिएशन. चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते, म्हणून तोंड वाकडं होण्याची धास्ती वाटते. पण साधी गाठ वेळेवर, अनुभवी सर्जनकडून काढली, तर ती नस बहुधा वाचते. नवऱ्याला गाठ आली असती, तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला असता ना? मी म्हणते, तोच न्याय स्वतःलाही लावा!