ताबा आईकडे, धान्य सासूच्या कार्डावर

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात मूल कोणाकडे राहील, सुटीत कोणाकडे जाईल, पोटगी किती, हे सारे लिहिलेले असते. त्या मुलाच्या नावाने सरकार जे देते ते कोणी घ्यायचे, याची ओळ मात्र क्वचितच सापडते. मुंबईत दिंडोशीच्या संतोषनगर, कुरार, आप्पापाडा अशा वस्त्यांत ही उणीव थेट मुलाच्या ताटापर्यंत पोहोचते. तिच्याकडे आता डोळेझाक करून चालणार नाही.

रेशनचेच पाहा. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. कार्डाची कुटुंबप्रमुख घरातली सर्वांत मोठी स्त्री. तरतूद चांगली आहे, पण घटस्फोटानंतर ती स्त्री म्हणजे बहुधा सासू. तिच्या कार्डावरून मुलाचे नाव कमी झाल्याचा दाखला मिळेपर्यंत ते आईच्या कार्डावर चढत नाही. ज्या घराशी कोर्टात भांडण झाले, त्याच घराच्या मर्जीवर मुलाचे धान्य! शिवाय कार्ड अडले की पुढचेही अडते. 'लेक लाडकी' योजनेचे टप्प्याटप्प्याने मिळणारे 1 लाख 1 हजार रुपये पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या घरांतल्या मुलींनाच आहेत.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकट्या पालकाच्या मुलाला वयाच्या 18 वर्षांपर्यंत दरमहा 2,250 रुपये मिळू शकतात. 2023पर्यंत ही रक्कम 1,100 होती. वाढ झाली हे खरेच मोठे काम. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बालकल्याण समितीचा आदेश हवा, आणि घरकाम करणाऱ्या बाईला प्रत्येक हेलपाट्यामागे कामाचा खाडा. दिंडोशीत सत्र न्यायालय आहे, पण घटस्फोटाचा निवाडा वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात. तो लांबला, तर नवऱ्यापासून वेगळी झालेली आई कागदावर नवऱ्याच्याच घरात राहते.

2025मध्ये 'लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीने पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला, तेव्हा घटस्फोटिता अडकल्या. ओरड झाल्यावर कोर्टाच्या आदेशाची प्रत चालू लागली. सरकारला नियम बदलता येतो, हे यातून दिसले. मग मुलांच्या बाबतीत ओरडीची वाट का पाहायची?

कायदा तर केव्हाच पुढे गेला आहे. अज्ञान मुलाच्या नावे रिलीफ बाँड घेताना रिझर्व्ह बँकेने आईची सही नाकारली, त्यातून गीता हरिहरन यांचा खटला उभा राहिला. 1999मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाप हयात असला, तरी तो मुलाचा सांभाळ करत नसेल तर आई नैसर्गिक पालक ठरते. त्याला पाव शतक उलटले, तरी खिडकीवरचा प्रश्न तोच: 'वडिलांचे कागद कुठे आहेत?'

कुटुंब न्यायालयाने ताब्याच्या अंतरिम आदेशातच रेशन, अनुदान आणि बँक खाते कोणाच्या हाती, हे लिहावे. मूल बापाकडे असेल तर हाच हक्क बापाला. शिधावाटप कार्यालयाने तो आदेशच नाव कमी केल्याचा दाखला मानावा. तहसीलदारांनी उत्पन्न मोजताना सांभाळणाऱ्या पालकाचेच धरावे. आणि उपनगर जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी या दोन्ही कार्यालयांची माणसे दिंडोशीत एका जागी बसवावीत.