कॅमेरा नंतर, लाइन आधी

लग्नाची कॅसेट आठवड्याने घरपोच देण्याचे दिवस गेले. आज नारायणगाव, मंचर, ओतूर किंवा घोडेगावात शूटिंगची ऑर्डर देताना गिऱ्हाईक "लाइव्ह दाखवणार ना?" असे हमखास विचारते. मुंबईत स्थायिक झालेली बहीण, दुबई-मस्कतला नोकरीस असलेला भाऊ यांना निकाह त्याच क्षणी पाहावयाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरविला. आता घाटातील बाऱ्याही मोबाईलवर थेट पाहिल्या जातात. धंदा वाढला, ही समाधानाची बाब आहे. परंतु पाहणाऱ्याच्या पदरात काय पडते, याचा विचार आपले व्यावसायिक बांधव पुरेसा करीत नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चार पैसे हाती आले की मोठा कॅमेरा नाहीतर ड्रोन घेतला जातो. आता चहूबाजूंचे चित्र टिपणाऱ्या ३६० अंशांच्या कॅमेऱ्याचेही आकर्षण आहे. मात्र अशा चित्राचा साधारण चौथा हिस्साच एका वेळी पाहणाऱ्यासमोर येतो. ३८४० ठिपके रुंदीच्या 'फोर के' चित्रातून त्याला हजाराच्या आसपासच ठिपके मिळतात. डेटा भरपूर खर्च होतो आणि चेहरे पुसट दिसतात.

खरी अडचण मंडपातून बाहेर जाणाऱ्या लाइनीची असते. दुबईतल्या एका पाहुण्याचे इंटरनेट मंद असेल तर अडचण त्याच्यापुरती राहते. यूट्यूब त्याला आपोआप हलक्या दर्जाचे चित्र देते. मंडपातली लाइन तुटली तर सर्वांचेच चित्र बंद पडते. अमेरिकेतील कृष्णन व सीतारामन या संशोधकांनी २०१२ साली व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे २ कोटी ३० लाख नोंदी तपासल्या. चित्र सुरू होण्यास २ सेकंदांहून अधिक वेळ लागला की लोक निघून जाऊ लागतात आणि पुढील प्रत्येक सेकंदाला ही गळती सुमारे ५.८ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. ते साठविलेले व्हिडिओ होते, पुन्हा लावता येणारे. निकाहचा 'कबूल' पुन्हा होत नाही.

म्हणून खर्चाचा क्रम बदलावा. पहिला पैसा लाइनीवर घालावा. यूट्यूबच्या शिफारशीनुसार ७२० च्या चित्राला सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट आणि १०८० ला सुमारे १० मेगाबिट अपलोडची गती लागते. अडकणाऱ्या १०८० पेक्षा न अडकणारे ७२० केव्हाही चांगले. जवळच्या घरातून फायबरची लाइन मिळत असेल तर ती घ्यावी. नसेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे चालविणारा राउटर ठेवावा. आदल्या दिवशी रिकाम्या घाटात रेंज तपासून भागत नाही. यात्रेच्या गर्दीत असंख्य मोबाईल एकाच टॉवरवर येतात आणि गती कोसळते. भीमाशंकर किंवा नाणेघाटाकडील डोंगराळ गावांत रेंज नसेल तर गिऱ्हाइकास आधीच सांगावे. खोटा वायदा करू नये.

दुसरा पैसा आवाजावर घालावा. कॅमेऱ्याच्या माईकवर काझीसाहेबांचा खुत्बा कमी आणि मंडपातला गलका जास्त येतो. स्पीकरवाल्याच्या मिक्सरमधून सरळ वायर घ्यावी. सिनेमाची गाणी वाजू लागली तर हक्काच्या कारणावरून प्रक्षेपण मध्येच थांबविले जाऊ शकते, हेही घरच्यांना समजावून द्यावे. घरगुती कार्याची लिंक सर्वांना खुली ठेवू नये. कोणाचे चित्र जावे आणि कोणाचे जाऊ नये, हे कुटुंबाने ठरवावे.

एकट्याला राउटर परवडत नसेल तर तीन-चार स्टुडिओवाल्यांनी मिळून घ्यावा आणि तारखा ठरवून वापरावा. शेजारच्या दुकानदाराशी स्पर्धा करताना आपण हे विसरतो की, इथे काम बिघडले तर गिऱ्हाईक पुण्याहून माणूस बोलावते आणि दोघांचीही रोजी जाते. परदेशी बसलेल्या भावाला आपला कॅमेरा कोणत्या कंपनीचा आहे हे कळत नाही. बहिणीचा निकाह दिसला की नाही, ऐकू आला की नाही, एवढेच त्याला कळते. पुढची ऑर्डर त्यावरच मिळणार आहे.