विश्लेषण : ३५ लाख डॉलरचा बचावपटू आणि ‘स्वस्तात मस्त’चे अर्धसत्य

१० फेब्रुवारी २०२५, भारतात सोमवारची पहाट. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोलचा अंतिम सामना रंगला होता. दुसऱ्या क्वार्टरमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सचा पॅट्रिक महोम्स याने फेकलेला चेंडू फिलाडेल्फिया ईगल्सच्या झॅक बॉनने मध्येच पकडला. मध्यंतराला ईगल्स २४-० असे पुढे होते, शेवटी ते ४०-२२ ने जिंकले. गंमत म्हणजे बॉन आधीची चार वर्षे याच शहरातल्या सेंट्स संघात होता. त्यांनी त्याला जाऊ दिले आणि ईगल्सने त्याला एका वर्षासाठी, जास्तीत जास्त ३५ लाख डॉलरच्या करारावर घेतले.

तेव्हापासून दर मार्चमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या चर्चेत एक प्रश्न हमखास येतो : ‘यंदाचा बॉन कोण?’ बचाव कच्चा असलेल्या प्रत्येक संघाच्या चाहत्याला असा एखादा स्वस्त खेळाडू हवा असतो. पण या खरेदीतून ‘स्वस्तात मस्त’ एवढाच धडा घेतला, तर तो अर्धवट ठरेल.

फ्री एजंट म्हणजे कोण?

इथे फुटबॉल म्हणजे आपण पाहतो तो फुटबॉल नव्हे, तर लंबगोल चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. त्याच्या एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ आहेत. किमान चार हंगाम खेळलेल्या खेळाडूचा करार संपला की तो कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो. हा फ्री एजंट, म्हणजे करारमुक्त खेळाडू. आजच्या स्वरूपातली ही पद्धत १९९३ मध्ये आली. त्या वर्षीचे सर्वांत मोठे नाव होते रेजी व्हाइट. तो बचावपटू ईगल्स सोडून चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरवर ग्रीन बे पॅकर्सकडे गेला आणि पुढे त्यांच्याबरोबर सुपर बोल जिंकला. म्हणजे करारमुक्त बचावपटूने संघ कसा बदलतो, हे फिलाडेल्फियाने आधी तोट्यात राहून पाहिले होते.

१९९४ पासून संघांच्या खर्चाला मर्यादाही आली. तिला सॅलरी कॅप म्हणतात. आयपीएलमध्ये लिलावासाठी सगळ्या संघांची थैली सारखी असते, तसेच काहीसे. इथे लिलाव मात्र नसतो, थेट बोलणी होतात. २०२४ मध्ये ही मर्यादा प्रत्येक संघाला २५ कोटी ५४ लाख डॉलर होती आणि त्यात ५३ जणांचा ताफा सांभाळायचा होता.

स्वस्त बचावपटू का लागतात?

कारण थैलीचा मोठा भाग थोड्या खेळाडूंवर जातो. ईगल्सने क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सशी २०२३ मध्ये केलेला पाच वर्षांचा करार २५ कोटी ५० लाख डॉलरचा होता. दुसऱ्या टोकाला ड्राफ्टमधून येणारे नवे खेळाडू असतात. २०११ च्या कामगार करारापासून त्यांच्या वेतनाची श्रेणी जवळजवळ ठरलेली असल्याने ते तुलनेने स्वस्त पडतात.

या दोघांच्या मधला, चार-पाच वर्षे खेळलेला पण स्टार न झालेला खेळाडू कात्रीत सापडतो. त्याच्या जागी नवा मुलगा कमी पैशांत मिळतो. त्याची पार कोंडी होऊ नये म्हणून नियमात एक सवलत आहे. अनुभवी खेळाडूशी एक वर्षाचा किमान वेतनाचा करार केला, तर कॅपमध्ये त्याची नोंद कमी अनुभवाच्या खेळाडूइतकीच होते. त्यामुळे मार्चच्या मध्यावर बाजार उघडला की पहिल्या दोन-तीन दिवसांत कोट्यवधींचे सौदे होतात आणि नंतरचे अनेक आठवडे असे छोटे, एक वर्षाचे करार चालू राहतात. बचावातली भोके बुजवली जातात ती बऱ्याचदा या दुसऱ्या टप्प्यात.

ईगल्सने २०२४ मध्ये काय केले?

त्यांची गरज मोठी होती. २०२३ च्या हंगामात पहिल्या ११ पैकी १० सामने जिंकलेला हा संघ नंतर कोसळला. साखळीतल्या शेवटच्या सहापैकी पाच सामने तो हरला आणि प्ले-ऑफच्या पहिल्याच सामन्यात टॅम्पा बेने त्याला ३२-९ ने घरी पाठवले. बचाव पार ढासळला होता. मग बचावाची सूत्रे अनुभवी प्रशिक्षक व्हिक फँजिओ यांच्याकडे देण्यात आली.

मार्च २०२४ मध्ये महाव्यवस्थापक हॉवी रोझमन यांनी बचावासाठी घेतलेल्या करारमुक्त खेळाडूंपैकी तीन नावे शेजारी ठेवून पाहा.

पहिला ब्राइस हफ. क्वार्टरबॅकवर कडेने धावून जाणारा खेळाडू. आदल्या हंगामात जेट्ससाठी त्याने १० सॅक केले होते, म्हणजे दहा वेळा क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच पाडले होते. करार तीन वर्षांचा, सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरचा.

दुसरा डेव्हिन व्हाइट. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेला, सुपर बोल जिंकलेला लाइनबॅकर. करार एक वर्षाचा, जास्तीत जास्त ७५ लाख डॉलरचा.

तिसरा झॅक बॉन. सेंट्समध्ये बहुतेक वेळ स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किकच्या वेळी मैदानात उतरणाऱ्या तुकडीत घालवलेला. करार जास्तीत जास्त ३५ लाखांचा, म्हणजे संघाच्या कॅपच्या दीड टक्क्याहूनही कमी.

निकाल किमतीच्या बरोबर उलटा लागला. हफ अडीच सॅकवर थांबला आणि सुपर बोलच्या दिवशी खेळणाऱ्यांच्या यादीतही नव्हता. व्हाइटला ईगल्ससाठी एकही सामना न खेळता ऑक्टोबरमध्ये सोडण्यात आले. बॉनने मात्र साखळीत १५१ टॅकल केले आणि लीगच्या सर्वोत्तम संघात, ‘ऑल-प्रो’मध्ये, स्थान मिळवले. त्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव ईगल्सचा होता.

बॉनच का चालला?

उत्तर त्याच्या जागेत आहे. कॉलेजमध्ये तो कडेने हल्ला करायचा. पण एनएफएलमध्ये त्या जागी त्याच्याहून बरेच धिप्पाड गडी असतात. सुमारे १०२ किलोंचा बॉन तिथे कमी पडत होता. फँजिओंनी त्याला आतल्या लाइनबॅकरच्या जागी उभे केले. या जागेवर चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवायचे असते आणि पास आला तर मागे पळून जागा झाकायची असते. कडेला जे वजन कमी पडत होते, तेच इथे चपळाईच्या कामी आले. खेळाडू तोच होता, त्याला दिलेले काम बदलले.

इंजिनीअरिंगला असताना ऑप्टिमायझेशनच्या तासाला एक गोष्ट डोक्यात बसली होती : मर्यादा बदलता येत नसेल, तर मांडणी बदलून पाहा. कॅपचे पैसे वाढणार नव्हते. रोझमन आणि फँजिओंच्या हातात मांडणी होती.

पण श्रेय वाटताना आणखी एक गोष्ट विसरू नये. बॉनच्या पुढे उभी असलेली फळी ईगल्सने स्वतः ड्राफ्टमधून घडवली होती : जेलन कार्टर, जॉर्डन डेव्हिस, मिल्टन विल्यम्स, जॉश स्वेट. मागच्या बाजूला क्विन्यन मिचेल आणि कूपर डिजीन हे त्याच वर्षी ड्राफ्टमधून आलेले. सुपर बोलमध्ये जादा माणसे न धाडता पुढच्या फळीने महोम्सला सहा वेळा पाडले. भिंत आधीपासून उभी होती. बॉनने तिच्यातले खिंडार बुजवले. भिंतच नसेल तर ३५ लाखांचा खेळाडू काय करणार?

मग सगळ्यांनी हेच करावे का?

आपल्याला बॉन आठवतो. त्याच दरात आलेले आणि ऑगस्टच्या सरावातच घरी गेलेले आठवत नाहीत. यशस्वी उदाहरणांवरून नियम काढला की तो नेहमी सोपा दिसतो.

खुद्द ईगल्सचे पुढचे वर्ष पाहा. २०२५ मध्ये स्वेट चार वर्षांसाठी सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलरवर ॲरिझोनाला गेला, तर विल्यम्स १० कोटी ४० लाखांवर न्यू इंग्लंडला. कडेची जागा भरण्यासाठी ईगल्सने पुन्हा छोट्या करारांचाच मार्ग धरला. सप्टेंबरमध्ये आणलेल्या झडेरियस स्मिथने ऑक्टोबरमध्ये निवृत्ती जाहीर केली. निवृत्त झालेल्या ब्रँडन ग्रॅहमला परत बोलवावे लागले. शेवटी नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या फेरीची ड्राफ्टची संधी मोजून मायामीकडून जेलन फिलिप्सला आणावे लागले. सूत्र तेच होते, पण या वेळी जमले नाही.

म्हणून माझे मत असे : स्वस्त करारमुक्त खेळाडू घेणे योग्यच आहे, पण ती पैज आहे हे मान्य करून. पैज छोटी हवी, एकाहून जास्त हव्यात आणि प्रत्येकीमागे ‘याला आपण नेमके कोणते काम देणार’ याचे उत्तर हवे. ईगल्स व्हाइटच्या बाबतीत चुकले, पण चूक स्वस्तात मिटली. हफच्या बाबतीत चुकले ते महागात पडले.

स्वस्त, पण कोणासाठी?

या चर्चेत एक बाजू नेहमी सुटते. एक वर्षाचा करार संघाला स्वस्त पडतो, कारण धोका खेळाडूच्या अंगावर असतो. एनएफएलमध्ये कराराची सगळी रक्कम सहसा हमीची नसते. गुडघा गेला तर संघ पुढच्या मार्चमध्ये दुसरा शोधतो. खेळाडूला मात्र दुसरा गुडघा मिळत नाही. बॉन वर्षभर धडधाकट राहिला आणि मार्च २०२५ मध्ये ईगल्सने त्याच्याशी तीन वर्षांचा, ५ कोटी १० लाख डॉलरचा नवा करार केला. आदल्या वर्षी हफसाठी मोजली होती जवळजवळ तेवढीच रक्कम. फरक इतकाच की बॉनला ती कमावण्याआधी एक अख्खा हंगाम अंग झोकून खेळावे लागले.

पुढच्या मार्चमध्ये ‘अमुक संघाने तमुक बचावपटूला एका वर्षासाठी घेतले’ अशी बातमी मोबाइलवर आली, की आकड्याच्या आधी दोन गोष्टी पाहा. तो आधीच्या संघात कोणत्या जागी खेळत होता आणि नवा प्रशिक्षक त्याला कुठे उभा करणार आहे. दोन्ही उत्तरे सारखीच असतील, तर आधीच्या संघाने त्याला का सोडले, हे आधी शोधायला हवे.